उकडीचा पाव

आमच्या लातूरच्या घरात दिवस उजाडायचा तो मिक्सरच्या आवाजाने. भिजून टम्म फुगलेलं सोयाबीन त्यात घालून आई झाकणावर दोन्ही हात दाबून धरायची, तरी भांडं असं थरथरायचं की ओट्यावरचे चमचे घरंगळत खाली यायचे. मग ते पांढरं वाटण मोठ्या पातेल्यात उकळायचं, अण्णांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळायचं, दूध एकीकडे आणि चोथा एकीकडे. सोयाबीनच्या उकळीला एक कच्चट, हिरवट वास असतो. तो आमच्या पडद्यांना, उशांना, माझ्या क्लासच्या ओढणीलाही लागलेला होता. तसं लातुरात सोयाबीन कुठे नाही? बाजार समितीच्या रस्त्याला पोत्यांच्या थप्प्याच थप्प्या. पण ते तेलाच्या मिलला जायचं, माणसाने ते रोज घरी आणून खावं हे तिथे कुणाच्या डोक्यात येत नसे. आईने पहिल्यांदा पाच किलो मागितलं तेव्हा आडतीवरचा माणूस म्हणाला होता, "मावशी, पाचच किलो? कोंबड्या पाळून राहिल्या का?" आई म्हणाली, "हाव. एकच हाय, पर लई नखरे हायत त्याचे." हे ती हसून म्हणाली आणि कोपऱ्यावर वळल्यावर तिने पदर डोळ्यांना लावला.

नखरे होते ते माझ्या दादाचे, सुजितचे. अण्णा पाटबंधारे खात्यात होते आणि आम्ही नांदेडला राहायचो तेव्हा दादा विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकला. शिकला म्हणजे काय, अख्ख्या वसाहतीची मान ताठ केली त्याने. जपानमधली नोकरी लागली तेव्हा विहारात त्याचा सत्कार झाला, मोठ्या माणसांनी भाषणं केली, आणि मी शाळेत महिनाभर नाक वर करून फिरले. तिसऱ्या वर्षी तो परत आला. न कळवता आला, एक बॅग घेऊन आला, आणि त्या बॅगेत कपड्यांपेक्षा खाण्याच्या वस्तू जास्त होत्या. तोवर अण्णांची बदली लातूरला झाली होती. नव्या गावात आम्हाला कुणी ओळखत नव्हतं, याचं अण्णांना बरंच वाटलं असावं. दादाने आतली खोली घेतली आणि दार लावलं. जपानमध्ये काय झालं हे त्याने कधी सांगितलं नाही. आधी आम्ही विचारायचो, मग विचारायचं थांबलो.

तो जेवत नसे. दूध, दही, तूप, अंडं, यातलं काही ताटात असलं तर ताट तसंच परत यायचं. आमच्या घरी रविवारी मटण शिजायचं, त्या वासाने तो आतून कडी लावून घ्यायचा. अण्णांना हे फार लागलं. "आपल्या बापजाद्यांनी एवढं सोसलं ते काय पुन्हा सोवळं पाळायला?" असं ते एकदा दारासमोर उभं राहून बोलले. आतून दादा म्हणाला, "सोवळं नाही अण्णा. दुसरं काही पोटात राहत नाही." मग हळूहळू, महिन्याला दोन-चार वाक्यं अशा हिशोबाने, आम्हाला कळलं की तिकडे तो एका म्हातारीच्या घरी वरच्या खोलीत राहायचा. ती मठातला स्वयंपाक शिकलेली होती. मासा नाही, मांस नाही, दूध नाही. शेवटचे काही महिने तो फक्त तिच्या हातचं खात होता. तिच्याकडून त्याने एका वहीत सगळं चित्रं काढून उतरवून आणलं होतं. परवा नांदेडला एका चकचकीत दुकानाच्या पाटीवर मी 'व्हीगन' असा शब्द वाचला आणि मला हसू आलं. आमच्या घरी या सगळ्याला 'दादाचं' म्हणायचे. दादाचं दूध, दादाचं पनीर, दादाचा पाव.

ती वही आईच्या हाती पडली आणि घराला काम मिळालं. माझी आई अर्धापूरची, सातवी शिकलेली, पण कुठल्याही पिठाला हात लावून त्याची जात सांगणारी. लिंबाच्या रसाने सोयाचं दूध फोडून, वर पाट्याचं वजन ठेवून ती पनीर पाडायची. ते पहिल्यांदा विटेसारखं झालं, दुसऱ्यांदा दह्यासारखं, आणि तिसऱ्यांदा दादाने वाटीभर खाल्लं. चोथा फेकवत नसे तिला, त्यात कांदा-मिरची घालून त्याची थालीपिठं आम्ही तिघं खायचो, आठवड्यातून पाच दिवस. अंड्याऐवजी केळं चालतं हे वहीत होतं; मग काय, मामा अर्धापुराहून येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर केळी पाठवायचा आणि आम्ही कुकरच्या बुडाला वाळू घालून त्यात केळ्याचे केक भाजायचो. नळाला पाणी आठवड्याने यायचं. सोयाबीन धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं पाणी परसातल्या पपईला, असा क्रम ठरलेला होता. शेजारच्या बिराजदार काकू एकदा मऊ पांढरा पाव दाबून म्हणाल्या, "कच्चाच ऱ्हायला की ओ हा!" आणि घरी जाऊन तो भाजून खाल्ला.

तो पाव आमच्याकडे कसा आला ते सांगायला हवं. वहीतल्या एका पानावर चित्र होतं: भांड्यात पीठ, वरून वाफाळतं पाणी, मग झाकण, मग चंद्र, मग सूर्य. आम्ही नेहमीसारखं यीस्ट घालून पाव करत होतो आणि तो दुपारपर्यंत दगड व्हायचा. दादाने त्या पानावर बोट ठेवून समजावायला सुरुवात केली की थोडं पीठ आधी उकळत्या पाण्यात शिजवून घ्यायचं, झाकून ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते बाकीच्या पिठात मळायचं. आईने चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे बाळा, ही तर उकड हाय." आमच्याकडे जुन्या ज्वारीची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना फाटते. मग बायका आधणाचं पाणी घालून पिठाची उकड काढतात, तेव्हा कुठे भाकरी धरते. आई जन्मभर हे करत आलेली. तिने मैद्याला आधण घातलं, चटके बसत असताना पळीने नाही, बोटांनी फिरवलं, आणि वर पितळी वाटी उपडी घातली. दुसऱ्या दिवशीचा पाव कापसासारखा झाला आणि तो तीन दिवस मऊ राहिला. दादा ओट्याला टेकून दोन तुकडे उभ्या उभ्या खाऊन गेला. "तिचा असाच असायचा," एवढंच म्हणाला. आईला कुणी साडी दिली असती तरी तेवढा आनंद झाला नसता. पुढे तिने त्यात पुरण भरलं. त्या लोकांतही लाल चवळीसारख्या दाण्याचं गोड सारण पावात भरतात हे कळल्यावर ती म्हणाली, "मग ती म्हातारी आपल्याकडचीच असंल कुनीतरी."

उन्हाळ्याच्या तोंडाला दादा एका सकाळी स्वतःहून बाहेर आला. त्याच्या हातात एक पुडी होती, औषधाच्या दुकानात देतात तेवढी, आणि तिच्यात हिरवट पूड. म्हातारीने निघताना दिलेली, तांदळाला लावायच्या विरजणासारखी. "एकदाच होईल एवढी आहे," तो म्हणाला. त्या चार दिवसांइतकं सुख मी पुढे पाहिलं नाही, हे सरळ लिहून टाकते. त्याने तांदूळ वाफवले, फडक्यावर पसरले, त्यावर ती पूड भुरभुरली आणि ते बोचकं गोधडीत गुंडाळून पाटीत ठेवलं. तासातासाला उठून हात घालून बघायचा, गरम झालं की उलगडायचा, गार झालं की गुंडाळायचा. आई म्हणाली, "बाळंतिणीचं पोर सांभाळून राहिला जसं." तिसऱ्या दिवशी तांदळावर पांढरी लव आली आणि घरभर पिकत घातलेल्या फळांसारखा वास सुटला. मग शिजवलेलं सोयाबीन पाट्यावर वाटलं, त्यात मीठ आणि ते तांदूळ कालवले, लाडू वळले आणि ते बरणीत जोरात आदळायचे, म्हणजे आत हवा राहत नाही. आईने पहिला लाडू असा आदळला की अर्धा तिच्याच कपाळावर उडाला. दादा हसला. आवाज करून हसला. अण्णा पेपर खाली ठेवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

वर मिठाचा थर, फडकं, ताटली आणि वजनाला आमचा वरवंटा. "याला मिसो म्हणतात," दादा म्हणाला. "वर्षभर उघडायचं नाही. जिवंत असतं ते, आतल्या आत काम करतं. उघडलं की चौघं मिळून बसून खाऊ. मग मी पुण्याला नोकरीचा अर्ज टाकतो." हे शेवटचं वाक्य त्याने इतक्या सहज म्हटलं की आम्ही कुणी एकमेकांकडे बघायचं धाडस केलं नाही. अण्णांनी दुसऱ्या दिवशी विजेवरची छोटी भट्टी आणली, हप्त्यावर का होईना. दर रविवारी दादा बाहेर येऊन बरणीवर हात ठेवायचा, वरवंटा सरळ करायचा आणि आत जायचा. बाकी दिवशी तो पहिल्यासारखाच होता, कधी दोन-दोन दिवस शब्द नाही. पण रविवार होता. आम्ही रविवारावर जगत होतो.

भाद्रपदात मामीचं ऑपरेशन झालं आणि आई अर्धापूरला गेली. मी सतरा वर्षांची होते, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास चालू होता. जिथे पोरं दुरून खोल्या घेऊन शिकायला येतात त्या गावात मी घरी राहून शिकत होते, आणि मला सगळं समजतं असा माझा समज होता. एका दुपारी कोपऱ्यात वास आला. फडकं जरा उचलून बघितलं तर कडेने पाणी सुटलेलं, वर पांढरी साय आणि एका ठिकाणी हिरवी बुरशी. दादाला हाक मारायची होती. पण तो दोन दिवसांपासून बोलत नव्हता, आणि बुरशी बघून त्याचं काय होईल या भीतीने मी दारापर्यंत जाऊन परत आले. आईला फोन लावला. "हात लावू नको," ती म्हणाली. "मी येऊन राहिले ना उद्या. दादाला नको सांगू, मी बघते." मी हो म्हणाले आणि फोन ठेवला.

पण उद्यापर्यंत मला दम निघाला नाही. लोणच्यावर तेल कमी पडलं की बुरशी धरते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. त्या बरणीत तेल नव्हतंच मुळी! इतके महिने ते तसंच उघडं पडलंय, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं मला वाटलं. मी वरचा थर खरवडून टाकला. उरलेलं सगळं मोठ्या पातेल्यात काढून रटरटा उकळलं, म्हणजे कीड मरेल. मग वाटीभर तेल कडकडीत तापवलं, मोहरी, हिंग, हळद, आणि ती फोडणी वरून ओतली. चर्र झालं. काय खमंग वास सुटला! बरणी धुऊन, उन्हात तापवून, पुसून मी ते परत भरलं, वर बोटभर तेल येईल असं. मी घर वाचवलं, अशा तोऱ्यात त्या संध्याकाळी मी अण्णांना चहा करून दिला.

आई दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने आली, डोक्यावर केळ्यांची पाटी. बरणी उघडून पाहिली, बोट बुडवलं, वास घेतला. ती काही शिकलेली नव्हती, पण जिवंत म्हणजे काय आणि उकळलं म्हणजे काय हे तिला कळत होतं. "पोरी," ती म्हणाली, "हे काय करून बसलीस ग?" मी तोवर वहीतलं पान काढून नीट वाचलं नव्हतं. तेव्हा वाचलं. पांढरी साय आली तर तेवढी काढून टाकायची, घाबरायचं नाही, असं दादाच्या अक्षरात तिथे लिहिलेलं होतं. मी रडायला लागले. आईने माझं तोंड पदराने पुसलं आणि दम भरला, "एक शब्द बोलायचा न्हाई. तुझी परीक्षा हाय. मी बघते."

तो रविवारच होता. दादा बाहेर आला, बरणीवर हात ठेवला, हाताला तेल लागलं. त्याने वरवंटा उचलून खाली ठेवला, बोटावर घेऊन चाखलं. मग आम्हा दोघींकडे पाहिलं. "मी केलं रे," आई म्हणाली. "बुरशी धरली हुती. मला वाटलं तेल घातल्यावर..." दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने वरवंटा स्वच्छ धुतला, पाट्यावर नेऊन ठेवला आणि म्हणाला, "मेलं ते." आणि आत गेला. मी तिथेच उभी होते. तोंड उघडून मी केलं म्हणायला एक श्वास लागतो. तो मी घेतला नाही. आज माझे केस पिकले, कितीतरी वेळा मी त्या ओट्याशी उभी राहून तो श्वास घेऊन पाहिला आहे.

तीन दिवस त्याने काही खाल्लं नाही. चौथ्या दिवशी मी पाव घेऊन दाराशी गेले. आतून त्याने विचारलं, "कुणी केला?" मी म्हणाले, "मी." दार बोटभर उघडलं आणि ताटली आत गेली. दुपारी आईने भात नेला, तो तसाच परत आला. "आईच्या हातचं नको," असं तो मला म्हणाला, हळू आवाजात, जणू आईला ऐकू जाऊ नये म्हणून. आई माझ्या मागेच उभी होती.

मग तसंच ठरून गेलं. दादाचं सगळं मी करायचं. क्लास सुटला, परीक्षेत मी नापास झाले, याचं कुणी आश्चर्यही केलं नाही. दोन घास पोटात जावेत म्हणून घरात कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी मी होते. स्थळं आली तीही या दारापाशी येऊन परत गेली. पण एक गोष्ट मला कधीच जमली नाही. उकड. माझ्या उकडीत गाठी राहायच्या, नाहीतर पाणी गार होऊन पीठ कच्चं राहायचं. आई संध्याकाळी सगळं आवरून झालं की आधण ठेवायची, बोटं भाजत उकड काढायची, वर पितळी वाटी उपडी घालायची आणि ओट्यावर ठेवून बाजूला व्हायची. "तूच केलीस म्हणून सांग," असं रोज म्हणायची. सकाळी मी ती पिठात मळायची, पाव भाजायची, दाराशी न्यायची. "कुणी केला?" "मी." ताटली रिकामी होऊन बाहेर यायची तेव्हा आई ती स्वतः घासायची. मला घासू देत नसे. कधी कधी रिकाम्या ताटलीतले कण बोटाने टिपून तोंडात टाकताना मी तिला पाहिलं आहे. "पोटच्या पोराला चोरून खाऊ घालायची येळ आली," असं ती एकदाच म्हणाली. मी खरं सांगते त्याला, असं मी कितीदा तरी म्हणायची. "मग तुझ्या हातचंही सोडंल," ती म्हणायची. "ऱ्हाऊ दे. जगून तर राहिला." तिचं बरोबर होतं की मला ते सोयीचं होतं, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

अशी सहा वर्षं गेली. अण्णा निवृत्त झाले, आम्ही पुन्हा नांदेडला आलो. दादासाठी मागची खोली, तेच दार. त्या हिवाळ्यात आईला ताप आला, छातीत उतरला, आणि आठ दिवसांत ती गेली. तापातही ती उकड काढायला उठायची. शेवटच्या शुद्धीत तिने मला विचारलं, "आज उकड कोन काढंल?" मी म्हणाले, मी काढते. तिने हाताने दाखवलं, पाणी खळखळून उकळलं पाहिजे असं. दादा तिला न्यायच्या वेळी बाहेर आला. तिच्या पायाशी बसला, तिच्या उजव्या हाताची बोटं हातात धरून ठेवली, आणि सगळं झाल्यावर पुन्हा आत गेला.

तिसऱ्या दिवशी मी पाव केला. पाणी खळखळून उकळू दिलं, बोटं भाजून घेतली, तीच पितळी वाटी उपडी घातली. सकाळी ताटली घेऊन दाराशी गेले आणि खाली जमिनीवर बसले. दाराला तोंड लावून मी सांगून टाकलं. बरणीत फोडणी मी ओतली होती. आईने नको म्हटलं असताना मी ओतली. तिने माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी ते सांगू दिलं. मला वाटलं होतं तो रडेल, नाहीतर दार उघडून मला मारेल, दोन्हीची माझी तयारी होती. दार बोटभर उघडलं, त्याने ताटली आत घेतली. मला पाव मोडल्याचा आवाज आला.

"आजची उकड कुणी काढली?" त्याने विचारलं.

सहा वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. विचारायची त्याला गरजच नव्हती, हे मला तिथे जमिनीवर बसल्या बसल्या कळलं. त्याने आईच्या हातचं सोडलंच नव्हतं. आणि ती मात्र आपल्या लेकाने आपला हात सोडला म्हणून रोज ती ताटली घासत गेली.

"मी," मी म्हणाले.

त्याने मोडलेल्या पावासकट ताटली हळूच बाहेर सरकवली.